मिसळणाच्या डब्यातली करणी

मी करणी केली तेव्हा माझ्या लग्नाला चार वर्षं झाली होती आणि मला मूल नव्हतं. दोन्ही गोष्टी एका दमात सांगते, कारण एक सांगितल्याशिवाय दुसरी कळायची नाही.

औरंगपुऱ्याच्या मागच्या गल्लीत आमचं बिऱ्हाड होतं. शहराचं नाव तेव्हा औरंगाबादच होतं. पोलीस ॲक्शनच्या आधीपासून, निजामाचं राज्य असल्यापासून, माझे सासरे त्या घरात भाडेकरू होते, आणि ते गेल्यावरही घरमालकांनी कधी घर सोडा म्हटलं नाही. मध्ये सामाईक चौक, चौकात नळ आणि मोरी. अलीकडे आमच्या तीन खोल्या, पलीकडे घरमालकीण. त्यांना सगळी गल्ली आपा म्हणायची. आमच्या घरात आम्ही दोघं, थोरले दीर, जाऊबाई आणि त्यांच्या दोन मुली. सासूबाई मी येण्याआधीच गेल्या होत्या. त्यामुळं घर जाऊबाईंच्या हातात होतं.

जाऊबाई वाईट नव्हत्या, हे आधी सांगायला हवं. मला टायफॉईड झाला तेव्हा एकवीस दिवस त्यांनी माझं सगळं केलं. पण त्यांच्या जिभेला हाड नव्हतं. नळावर चार बाया जमल्या की त्या माझ्यावर घसरायच्या. एकदा म्हणाल्या, "आमच्या धाकटीचं बरं हाय. रिकामं मडकं, विसळलं की झालं." बाया हसल्या. मीही हसले. न हसून कुणाला सांगणार होते?

त्या वर्षी गल्लीत एकीचं डोहाळजेवण होतं. मी हौसेनं नवं लुगडं नेसून गेले. ओटी भरायची वेळ आली तसं जाऊबाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं की हिला जरा मागं बसवा. मी उठून दाराजवळ चपलांच्या शेजारी जाऊन बसले. गाणी झाली, पेढे वाटले गेले, माझ्यापर्यंत ताट आलं तेव्हा त्यात चुरा होता. त्या दिवशी माझ्या मनात काहीतरी आंबून गेलं.

पुढच्या आठवड्यात माझी मावशी शहागंजात लग्नाचं कापड घ्यायला आली आणि दोन दिवस आमच्याकडे उतरली. जाऊबाई तेव्हा माहेरी, कन्नडला गेल्या होत्या. मी मावशीपुढं रडले. मला वाटलं ती चार समजुतीच्या गोष्टी सांगेल. ती म्हणाली, तोंड बांधून टाक तिचं.

तोंड बांधणं म्हणजे काय, ते तिनं मला तांदूळ निवडता निवडता सांगितलं. मारायचं नाही, आजारी पाडायचं नाही, फक्त बोलणं बंद करायचं. गावाकडं हे काम करणारा भगत असतो. त्याला काळं कोंबडं लागतं, नारळ लागतो, शेंदूर, बिब्बा, काळं कापड लागतं, वर तो मागेल ते द्यावं लागतं. मी म्हटलं, माझ्याकडं यातलं काही नाही. दिरांच्या पगाराबरोबर ह्यांचाही पगार जाऊबाईंच्या डब्यात जातो. नारळ आणला तरी तो कशाला, हे विचारतील.

मावशी हसली. "पैसेवाल्याला भगत हाय. आपल्याला मिसळणाचा डबा. जिन्नस खरा पाहिजे, बाकी सगळं मनातल्या जाळावर शिजतं."

मग तिनं एकेका वस्तूला घरातली वस्तू लावून दिली. नारळाऐवजी लिंबू, तेही वाळलेलं चालेल. शेंदराऐवजी कुंकू. बिब्ब्याऐवजी लवंग. काळ्या कापडाऐवजी तवा धरायचं जळकं फडकं. बाहुली कणकेची करायची. ज्वारीचं पीठ धरत नाही, म्हणून गव्हाची. आणि जिचं तोंड बांधायचं तिच्या फणीतला केसांचा गुंता. तो तेवढा तिचाच पाहिजे, त्याला बदली नाही. सोडवायचं झालं तर तीच बाहुली उकरून वाहत्या पाण्यात सोडायची, की झालं मोकळं.

मावशी गेली. मी तीन दिवस काही केलं नाही. मला खरं म्हणजे हसू यायचं. मॅट्रिकपर्यंत शिकलेली बाई मी. पण स्वयंपाकघरात गेलं की हात लवंगांच्या वाटीवर थांबायचा.

चौथ्या दिवशी अमावस्या होती. दुपारी पुरुष कामावर, मुली आईबरोबर कन्नडला, आपा नमाज आटोपून आडव्या झालेल्या. पोळ्यांच्या कणकेतून मी लिंबाएवढा गोळा काढला. हात-पाय केले, डोकं केलं. जाऊबाईंच्या फणीतला गुंता डोक्याला चिकटवला. तोंडाच्या जागी लवंग खुपसली, वर शिलाईचा काळा दोरा तीन वेळा गुंडाळून ओढला. कणीक सैल झाली होती. दोरा ओढताना बाहुलीचं तोंड एका बाजूला सरकलं. मी ते बोटानं सरळ करायला गेले, तर आणखी वाकडं झालं. मग तसंच राहू दिलं. लिंबू चिरून त्यात मीठ-तिखट भरलं, कुंकू लावलं, सगळं त्या जळक्या फडक्यात बांधलं आणि मोरीच्या कडेची एक फरशी सैल होती तिच्याखाली सारलं. मावशीनं सांगितलेले शब्द म्हटले. ते इथं लिहीत नाही. त्यानंतर हात धुतले, उरलेल्या कणकेच्या पोळ्या लाटल्या आणि संध्याकाळी ह्यांना आणि दिरांना वाढल्या.

दोन दिवसांनी जाऊबाई परत आल्या. थंडीचे दिवस होते, पहाटेची एसटी. खिडकीची काच सरकत नव्हती म्हणून सगळा रस्ता कानावर वारा घेत आले, अशी त्यांची कुरकुर चालली होती. मी चहा दिला. तोंड चांगलं चालू होतं. मला हायसं वाटलं आणि थोडं वाईटही वाटलं, हे कबूल करते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकातून चूळ भरल्याचा आवाज आला, मग तांब्या पडल्याचा. मी बाहेर आले. जाऊबाई मोरीपाशी उभ्या होत्या, त्या फरशीवरच. चुळीचं पाणी त्यांच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून गळ्यावर ओघळत होतं. त्या माझ्याकडं वळल्या. तोंड उजवीकडं ओढलं गेलं होतं. डावा डोळा उघडाच राहिला होता, मिटत नव्हता. त्या काहीतरी म्हणाल्या, ते मला कळलं नाही.

मी त्यांना धरलं. कोण कुणाला धरतंय ते बघणाऱ्याला सांगता आलं नसतं.

त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं की चेहऱ्याची नस सुजली आहे, थंड वाऱ्यानं असं होतं म्हणतात, अर्धांगवायू नाही, महिना-दोन महिन्यांत बहुतेक सुधारेल. गोळ्या दिल्या, गालाला मालीश सांगितलं, झोपताना डोळ्यावर पट्टी. दिरांना धीर आला. ह्यांना आला. मला कसा यावा? नस त्यांनी पाहिली होती, बाहुली त्यांनी पाहिली नव्हती.

घर सामसूम झाल्यावर मी ती फरशी उचलली. फडकं कुरतडलेलं होतं. आत लिंबाची साल, लवंग आणि दोऱ्याचा गुंता. बाहुली नव्हती. घुशीनं नेली असणार, मोरीला घुशी होत्याच. पण मावशी म्हणाली होती, तीच बाहुली पाण्यात सोडायची. घुशीच्या पोटातली बाहुली मी कुठून आणू? उरलेलं सगळं ओच्यात बांधून खाम नदीवर गेले आणि पुलाखाली सोडलं. पाणी घोट्याएवढं होतं. साल वाहिली, दोरा दगडाला अडकून राहिला. काठीनं ढकलला, तरी सुटेना. तशीच पळत घरी आले.

मावशीला मी निरोप धाडला. ती बाजाराच्या दिवशी आली, पण घरात शिरली नाही, मला कोपऱ्यावर बोलावलं. मी सगळं सांगितलं. तिच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. मला वाटत होतं तिला उतारा ठाऊक असेल. तिला काहीच ठाऊक नव्हतं. तिनं ते सगळं तिच्या सासूकडून ऐकलेलं, स्वतः कधी करून पाहिलेलं नव्हतं. शेवटी ती एवढंच म्हणाली, "माझं नाव कुठं घेऊ नको, बाई. मला सुना हायेत." आणि आल्या पावली गेली.

त्यानंतरचे आठ-दहा दिवस जाऊबाईंना भरवायचं काम माझ्याकडं होतं. पेज डाव्या बाजूनं सांडायची, मी पदरानं पुसायची. 'प' आणि 'ब' त्यांच्या ओठांतून निसटायचे, त्यामुळं त्या बोलायचंच टाळायच्या. नळावरच्या बाया भेटायला यायच्या, आणि नेहमी त्यांना हसवणारी ही बाई भिंतीकडं तोंड करून पडलेली असायची. मी जे मागितलं होतं ते तंतोतंत मिळालं होतं. मी कणीक मळायला बसले की हाताखालच्या गोळ्याकडं बघवायचं नाही. प्रत्येक गोळ्याला तोंड आहे असं वाटायचं.

तोवर कन्नडहून जाऊबाईंची आई आली. तिचा डॉक्टरवर भरवसा नव्हता. ही बाहेरची बाधा हाय, तिनं येता क्षणी सांगितलं. तिनं कुठून तरी एक जाणता आणला. तो ओसरीवर बसला, सुपात ज्वारीचे दाणे टाकून बघत राहिला. मी आतल्या दाराआड उभी होते. तो आता माझ्याकडं बोट करील, असं मला प्रत्येक क्षणी वाटत होतं. त्यानं बराच वेळ दाणे इकडं-तिकडं केले आणि म्हणाला की करणारी बाई आहे, घरातली नाही, दारावर येणारी आहे, काळी वस्तू घेऊन येते.

मी श्वास सोडला. देवा, त्या श्वासाची मला अजून लाज वाटते. कारण दारावर येणारी, काळी वस्तू आणणारी बाई एकच होती. सुया, पोत आणि बिब्बे विकणारी एक म्हातारी दर पंधरा दिवसांनी गल्लीत यायची. एकटी, केस पिंजारलेले, एका डोळ्यात फूल पडलेलं. महिन्यापूर्वी जाऊबाईंनी तिच्याशी भावावरून घासाघीस केली होती आणि ती पुटपुटत गेली होती. हे जाऊबाईंच्या आईला कुणीतरी सांगितलं. सगळं जुळलं.

म्हातारी दोनच दिवसांनी आली. सकाळचे अकरा वाजले असतील. तिची हाळी कोपऱ्यावर ऐकू आली आणि गल्लीतली दारं एकेक करून उघडली. जाऊबाईंच्या आईनं तिचा हात धरला. तिला वाटलं गिऱ्हाईक आहे. ती पाटी उतरवून खाली बसायला लागली. कुणीतरी पाटी लाथाडली. सुयांच्या पुड्या फुटल्या, बिब्बे नालीत गेले. सोडव, सोडव म्हणत बाया तिच्याभोवती झाल्या. काय सोडवायचं ते तिला कळतच नव्हतं. एकीनं तिचे केस धरले. मागून पुरुषही येऊ लागले. एकाच्या हातात चप्पल होती. ह्याच माणसांकडून मी रोज भाजी घ्यायची, त्यांच्या पोरांना अंगाखांद्यावर खेळवायची. तोवर मी बाहुलीला भीत होते. त्या क्षणी कळलं, भ्यायचं कशाला असतं.

आणि मी दारात उभी राहिले. एक शब्द बोलले नाही. बोलले तर ते केस माझे असणार होते.

गर्दीतून आपा आल्या. पन्नाशीच्या, गुडघ्यांनी अधू. त्यांनी म्हातारीचा दंड धरून तिला उठवलं, आपल्या खोलीत नेलं आणि दाराला कडी लावून दारापुढं वेताचा मोढा टाकून बसल्या. "बुड्ढी मेरे घर में है. जिसकू बात करना है, मेरेसे करो," एवढंच त्या बोलल्या. लोक कुरकुरत मागं सरले. पण जाऊबाईंची आई ऐकणारी नव्हती. उद्या जाणत्याला आणते, त्याच्या हातून वदवून घेते, कोण अडवतंय ते बघते, असं तिनं चौकात उभं राहून जाहीर केलं.

संध्याकाळी दिवेलागणीला मी पेजेची वाटी घेऊन जाऊबाईंपाशी गेले. त्यांची आई मुलींना घेऊन देवळात गेली होती. मी वाटी खाली ठेवली. बोलायचं ठरवून गेले होते, पण नुसती पेज ढवळत राहिले. त्यांनीच उघड्या डोळ्यानं विचारलं, काय?

"बाई, त्या म्हातारीनं काही केलं नाय. मी केलं."

मी सगळं सांगितलं. डोहाळजेवण, चपला, मावशीचं नाव सोडून बाकी सगळं. मोरीची फरशीही सांगितली. त्यांनी का म्हणून विचारलं नाही. मडक्याचं मी सांगितलं तेव्हा त्यांची नजर खाली गेली. मग ओठाचा कोपरा बोटानं धरून, शब्द नीट निघावा म्हणून, त्यांनी विचारलं, "कशाकशानं केलंस?"

मी वस्तू सांगितल्या. कणीक. लवंग. मीठ. कुंकू.

"माझ्या डब्यातल्या?"

"व्हय."

त्यांनी भिंतीकडं तोंड फिरवलं. मी वाटी उचलायला वाकले तर त्यांनी हातानं ती दूर लोटली. मी बाहेर आले आणि आता घरातून हाकलणार, की गल्लीच्या हवाली करणार, याची वाट बघत चुलीपुढं बसले.

सकाळी जाणता आला. ओसरीवर बसला. म्हातारीला बाहेर काढा, म्हणाला. तेवढ्यात जाऊबाई उठून आल्या. आठ-दहा दिवसांत पहिल्यांदा त्या माणसांत आल्या होत्या. डोळ्याला पट्टी, पदर तोंडावर. त्यांनी पदर बाजूला केला आणि त्या वाकड्या तोंडानं, एकेक शब्द दाबून, आईला सांगितलं की मला एसटीत वारा लागलाय, डॉक्टरनं सांगितलंय, करणीबिरणी काही नाय. त्या म्हातारीला हात लावायचा असेल तर आधी मला लावा. आई चिडली, रडली, तुझ्या भल्यासाठीच करते म्हणाली. जाऊबाई आपांच्या दारापुढं जाऊन मोढ्याशेजारी खाली बसल्या. जाणत्यानं सूप उचललं. दुपारच्या गाडीनं त्यांची आई कन्नडला परत गेली.

म्हातारीला आपांच्या मुलानं सायकलवर बसवून कुठंतरी पोचवलं. ती पुन्हा आमच्या गल्लीत आली नाही.

जाऊबाईंनी माझं नाव कुणाला सांगितलं नाही. दिरांना नाही, ह्यांना नाही. पण माझ्या हातचं खाणं त्यांनी बंद केलं. स्वतःची भाकरी स्वतः थापायच्या, मिसळणाचा डबा कपाटात कुलपात ठेवायच्या. मी खोलीत आले की मुलींना जवळ ओढायच्या. आधी मी त्यांच्या जिभेला भीत होते, आता त्या माझ्या हाताला भीत होत्या. महिनाभर हे चाललं. मग एक दिवस मी भाजी केली, त्यांच्यासमोर बसून आधी स्वतः घासभर खाल्ली आणि पातेलं पुढं सरकवलं. त्यांनी वाढून घेतली. त्यानंतर कितीतरी दिवस मी अशीच आधी खात होते. कुणी सांगितलं नव्हतं.

दोन महिन्यांत तोंड सरळ झालं. डॉक्टर म्हणाले होते तसंच. फक्त हसताना डावा कोपरा जरा मागं राहायचा. मूल नाही म्हणून त्या मला पुन्हा कधी बोलल्या नाहीत. त्या शांततेत मला सुख मिळालं असतं तर बरं झालं असतं.

म्हातारी मला एकदाच दिसली, वर्षभरानं, शहागंजात, घड्याळाच्या बुरुजापाशी रस्त्याच्या कडेला पाटी मांडून बसलेली. सुया घ्याव्यात, दोन शब्द बोलावेत, म्हणून मी पुढं गेले. तिनं मान वर केली, चांगल्या डोळ्यानं मला ओळखलं, आणि घाईघाईनं पाटी आवरायला लागली. हातातून पुड्या निसटत होत्या. मी म्हटलं, आजी, भिऊ नका. ती उठून गर्दीत गेली. मी तिथंच उभी. तिच्या लेखी मी त्या गल्लीतली एक बाई होते, बस. खरं तिला कधी कळलंच नाही.

लग्नाच्या सातव्या वर्षी मला दिवस गेले. आनंद झाला, पण नऊ महिने मी माझ्या फणीतला गुंता एकदाही कुठं पडू दिला नाही. रोज चुलीत जाळायची. वास येतो म्हणून जाऊबाई एकदा आत डोकावल्या, चुलीकडं बघितलं, माझ्या हातातल्या फणीकडं बघितलं आणि मागं फिरल्या. गुंता मी का जाळते, ते त्यांना कळलं होतं. मी त्यांना काय समजते, तेही कळलं होतं.

मुलगी झाली. पाचवीच्या दिवशी जाऊबाईंनी तिला न्हाऊ घातलं, धुरी दिली, दुपट्यात गुंडाळलं. मग काजळाची डबी उघडली, बोट बुडवलं आणि ते बोट तसंच हवेत धरून थांबल्या. माझ्याकडं बघून म्हणाल्या, "तीट लावू का?"

असं कुणी विचारत नाही. घरातली थोरली बाई तीट लावते, एवढंच. मी लावा म्हटलं. त्यांनी बाळाच्या गालावर तीट लावली. मी हसून बघत होते. आणि संध्याकाळपर्यंत दर थोड्या वेळानं उठून बाळाचा श्वास चालू आहे ना, ते नाकाशी बोट धरून बघत होते.